छातीतली ग्रंथी काढावी का?

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात साक्री तालुक्यातले एक नाना तरण्या लेकीला घेऊन आले. सकाळी ती बरी असे. पण दिवस कलला की पापण्या गळत, एकाचे दोन दिसत, भाकरीचा घास गिळवत नसे. तपासणीत निदान झाले होते ‘मायस्थेनिया ग्रॅव्हिस’, आणि छातीतली ग्रंथी काढण्याचा सल्ला मिळाला होता. नानांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, ती काढली तर पोरीला पुढं दुसरं काही दुखणं लागणार नाही ना?” प्रश्न सर्वांच्या उपयोगाचा आहे, म्हणून उत्तर येथे देतो.

या ग्रंथीचे नाव थायमस. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या पुढे ती असते. लहानपणी मोठी असते, वयात आल्यावर झिजत जाते. शरीराची राखण करणाऱ्या काही पांढऱ्या पेशी येथे तयार होतात. आपले कोण, परके कोण, हे त्या येथेच शिकतात. आपल्याच अंगावर धावून जाणाऱ्या बहुतेक पेशी येथेच बाद होतात. जागल्या चोर सोडून घरधन्यालाच काठी मारू लागला तर काय होईल? आमवात, थायरॉईडचे काही विकार हे असेच घरच्या राखणदाराने केलेले दुखणे असते.

या ग्रंथीचे हे महत्त्व जॅक मिलर यांनी १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. तरी मोठ्या माणसात ती निकामीच, असा समज बरीच वर्षे राहिला. हृदयाच्या शस्त्रक्रियेत आड आली तर ती काढूनही टाकत.

२०२३ साली अमेरिकेतील बोस्टनच्या डॉक्टरांनी ग्रंथी काढलेल्या १,१४६ प्रौढांची तुलना, छातीची शस्त्रक्रिया होऊनही ग्रंथी राहिलेल्या तितक्याच लोकांशी केली. पाच वर्षांत पहिल्या गटात शंभरात सुमारे आठ जण दगावले, दुसऱ्यात सुमारे तीन. कर्करोगही पहिल्या गटात दुप्पट आढळला. स्वतःवर उलटणाऱ्या रोगांत एकूण फारसा फरक नव्हता. पण आधीपासून असा रोग, जंतुसंसर्ग किंवा कर्करोग असलेले वगळल्यावर शंभरात बारा विरुद्ध आठ असे प्रमाण निघाले. एवढ्यावरून ग्रंथी काढल्यानेच हे झाले असे सिद्ध होत नाही. पण विनाकारण काढू नये, हे मात्र समजावे.

नानांच्या लेकीची गोष्ट वेगळी. तिचा आजार हाच मुळी राखणदार उलटल्याचा, आणि त्यात ही ग्रंथीच बिघाडाला हातभार लावते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, १२६ रुग्णांच्या अभ्यासात नुसत्या स्टेरॉईडच्या गोळ्यांपेक्षा गोळ्या व शस्त्रक्रिया मिळून अधिक गुण आला. ग्रंथीत गाठ असेल तर बहुधा ती काढावीच लागते. म्हणून नानांना सांगितले, भिऊन शस्त्रक्रिया टाळू नका.

मात्र आधी विचारा: का काढायची? दुसरा उपाय आहे का? हृदयाची शस्त्रक्रिया असेल तर, ग्रंथीचा काही भाग राखता येईल का? घरी आल्यावर डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. पुढे कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी, अगदी लस घेतानाही, ग्रंथी काढल्याचे सांगा. सांधे सुजणे, लांबलेला ताप, कारण नसताना वजन उतरणे अंगावर काढू नका. श्वास लागला किंवा गिळता येईनासे झाले, तर रात्र असली तरी थांबू नका. तडक रुग्णालय गाठा.