विश्लेषण : अण्णाद्रमुकला सरचिटणीस मिळाला, सदस्याला मतपत्रिका मिळाली नाही

कुंभकोणम, २९ मार्च : मद्रास उच्च न्यायालयाने मंगळवारी, २८ मार्च २०२३ रोजी विरोधी गटाचे अर्ज फेटाळले आणि त्यानंतर लगेचच एडप्पाडी के. पलनीस्वामी यांची अण्णाद्रमुकच्या सरचिटणीसपदी बिनविरोध निवड झाल्याची घोषणा करण्यात आली. चेन्नईतील पक्ष मुख्यालयात जल्लोष झाला. कुंभकोणम ज्या जिल्ह्यात मोडते, त्या तंजावरमध्ये मात्र या जल्लोषाला एक अवघड बाजू होती. २०२१ च्या विधानसभा निवडणुकीत जिल्ह्यातील आठपैकी सात जागा द्रमुक आघाडीने जिंकल्या. अण्णाद्रमुकच्या हाती लागली ती केवळ ओरत्तनाडूची जागा. तेथील तत्कालीन आमदार आर. वैतिलिंगम यांची जुलै २०२२ मध्ये ओ. पन्नीरसेल्वम यांच्याबरोबरच पक्षातून हकालपट्टी झाली आणि मंगळवारी ज्यांचे अर्ज फेटाळले गेले, त्यांत तेही एक होते. म्हणजे पक्षाचा या जिल्ह्यातील एकमेव आमदार पक्षाच्याच विरोधात न्यायालयात उभा होता.

दोन नेत्यांचे भांडण एवढ्यापुरतेच हे प्रकरण पाहिले तर त्यातील महत्त्वाची गोष्ट निसटते. पक्षाचा प्रमुख पक्षाच्या प्रत्येक प्राथमिक सदस्याने निवडावा, अशी तरतूद भारतातील फार थोड्या पक्षांच्या घटनेत आहे. एम. जी. रामचंद्रन यांनी १९७२ मध्ये द्रमुकमधून बाहेर काढले गेल्यावर नवा पक्ष स्थापन केला, तेव्हा त्याच्या नियमावलीत ही तरतूद आली. इतकेच नव्हे, तर सर्वसाधारण परिषद अन्य नियम बदलू शकेल, पण सरचिटणीसाची निवड सदस्यांनीच करण्याचा नियम तिला बदलता येणार नाही, असेही त्यात नमूद झाले. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरविण्यासाठी पक्षाच्या पाठीराख्यांमध्ये जी ‘प्रायमरी’ होते, तिच्या सर्वांत जवळ जाणारी भारतीय व्यवस्था कागदावर तरी हीच म्हणावी लागेल.

प्रायमरीत पाठीराख्यांची भांडणे होत नाहीत असे नव्हे. २००८ मध्ये हिलरी क्लिंटन यांचे अनेक समर्थक बराक ओबामा यांना कदापि मत देणार नाही, असे जाहीरपणे सांगत होते. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांनी नेवाडा राज्यातील पक्षाच्या अधिवेशनात असा गदारोळ घातला की ते गुंडाळावे लागले. कटुता होतीच, मात्र मतांचा आकडा सर्वांसमोर होता. डेन्व्हरच्या अधिवेशनात ओबामांना आवाजी मताने उमेदवारी द्यावी, असा प्रस्ताव खुद्द क्लिंटन यांनीच मांडला. नेवाडाच्या गोंधळानंतरही सँडर्स यांनी क्लिंटन यांना पाठिंबा दिला आणि पदसिद्ध प्रतिनिधींच्या मतांबाबतची त्यांच्या गटाची तक्रार २०१८ मध्ये पक्षाला नियम बदलून बऱ्याच अंशी मान्य करावी लागली. या भागाला त्या व्यवस्थेची ओळख एका वेगळ्या कारणाने आहे. कमला हॅरिस यांच्या आजोबांचे गाव तुळसेंद्रपुरम शेजारच्या तिरुवारूर जिल्ह्यात आहे. हॅरिस यांनी डिसेंबर २०१९ मध्ये, एकही मत पडण्यापूर्वी, शर्यतीतून माघार घेतली. वर्षभरात त्या उपराष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या. पराभूत इच्छुकाला पक्षातच जागा उरते, हा त्या व्यवस्थेचा मोठा गुण.

अण्णाद्रमुकमध्ये ती जागा कधीच उरली नाही. डिसेंबर १९८७ मध्ये रामचंद्रन यांचे निधन झाले आणि पक्षाचे दोन तुकडे झाले : एक त्यांच्या पत्नी जानकी यांचा, दुसरा जयललितांचा. जानकी यांचे सरकार २४ दिवस टिकले. जानेवारी १९८८ मध्ये विश्वासमताच्या वेळी विधानसभेत हाणामारी झाली आणि राष्ट्रपती राजवट आली. ‘दोन पाने’ हे चिन्ह गोठविले गेले. जानेवारी १९८९ च्या निवडणुकीत द्रमुक तेरा वर्षांनी सत्तेवर परतला, जयललिता गटाला २७ जागा मिळाल्या आणि जानकी स्वतःच्या मतदारसंघातही पडल्या. वारस कोण, हे अखेर सामान्य मतदारांनी ठरविले. पक्षाच्या सदस्यांना कोणी विचारले नव्हते. गट एकत्र आले, चिन्ह परत मिळाले आणि नंतरची जवळपास तीन दशके हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण जयललितांना आव्हान देणारे कोणी उरले नव्हते.

त्या काळात नेता आणि कार्यकर्ता यांच्यात जे नाते घडले, त्याची एक वेदनादायक खूण याच शहरात आहे. १८ फेब्रुवारी १९९२ रोजी महामहम पर्वणीला मुख्यमंत्री जयललिता आणि त्यांच्या निकटवर्ती शशिकला येथील महामहम तलावावर स्नानासाठी आल्या. त्या दिवशीच्या चेंगराचेंगरीत सुमारे ५० जणांचा मृत्यू झाला. पर्वणीची गर्दी होतीच, तिच्यात नेत्याच्या दर्शनासाठी आलेल्यांची भर पडली होती. ज्या पक्षात सदस्याचे काम दर्शन घेण्याचे असते, तेथे मत देण्याचा नियम पुस्तकातच राहतो.

डिसेंबर २०१६ मध्ये जयललिता गेल्या आणि त्या नियमाची पुन्हा आठवण झाली. शशिकला हंगामी सरचिटणीस झाल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये पन्नीरसेल्वम यांनी मरिना किनाऱ्यावरील जयललितांच्या समाधीजवळ बसून ‘धर्मयुद्ध’ पुकारले. आमदार कूवत्तूरच्या रिसॉर्टमध्ये ठेवले गेले. शशिकला तुरुंगात गेल्या आणि पलनीस्वामी मुख्यमंत्री झाले. ऑगस्टमध्ये दोन्ही गट एकत्र आले. सप्टेंबर २०१७ च्या सर्वसाधारण परिषदेने जयललितांना ‘शाश्वत सरचिटणीस’ घोषित करून ते पदच रद्द केले आणि समन्वयक व सहसमन्वयक अशी दोन पदे निर्माण केली. सदस्यांनी निवडायचे पदच नाहीसे झाल्यावर निवडणुकीचा प्रश्न कुठून येणार? डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली : दोन्ही पदे सदस्यांनी एकाच मताने, जोडीने निवडायची. जोडीही एकच होती आणि ती बिनविरोध आली.

पन्नीरसेल्वम यांच्या २०२३ मधील तक्रारीचे वजन येथेच कमी होते. रामचंद्रन यांनी सदस्यांना दिलेला हक्क हिरावला जात आहे, हे त्यांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर होते. परंतु तो हक्क दोनदा बाजूला ठेवला गेला तेव्हा त्या ठरावांचे ते भागीदार आणि लाभार्थी होते. परिषदेतील बहुमत सरकल्यावर त्यांना सदस्य आठवला.

ते बहुमत किती सरकले होते, हे २३ जून २०२२ रोजी वानगरम येथे दिसले. त्या परिषदेत आधी ठरलेले सर्व २३ ठराव फेटाळले गेले, एकच नेतृत्व हवे अशा घोषणा झाल्या आणि व्यासपीठावरून निघालेल्या पन्नीरसेल्वम यांच्या दिशेने पाण्याच्या बाटल्या भिरकावल्या गेल्या. ११ जुलै रोजी परिषदेने पलनीस्वामी यांना हंगामी सरचिटणीस केले, तेव्हा शहराच्या दुसऱ्या भागात, रोयापेट्टा येथील मुख्यालयासमोर, दोन्ही गटांचे समर्थक दगडांनी एकमेकांशी लढत होते. महसूल अधिकाऱ्यांनी मुख्यालयाला सील ठोकले. नंतर उच्च न्यायालयाच्या आदेशाने किल्ल्या पलनीस्वामी यांना मिळाल्या.

पलनीस्वामी गटाची बाजू हलकी नाही. अडीच हजारांहून अधिक सदस्यांच्या परिषदेत त्यांचे बहुमत प्रचंड आहे आणि दोघांच्या सह्यांशिवाय काहीच न हलणाऱ्या पक्षात निर्णय अडकून पडत होते, हेही खरे. पण इतके बहुमत पाठीशी असताना सदस्यांसमोर जाण्याचा मार्ग अरुंद का केला, याचे उत्तर मिळत नाही. सुधारित नियमानुसार सरचिटणीसपदाच्या उमेदवाराला दहा जिल्हा सचिवांचे प्रस्तावक म्हणून आणि आणखी दहांचे अनुमोदक म्हणून पाठबळ लागते. शिवाय मुख्यालयातील पदावर पाच वर्षे काम केलेले असावे लागते. जिल्हा सचिव ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध अर्ज भरणार कोण? मतदानासाठी २६ मार्च ही तारीख जाहीर झाली होती. उमेदवार एकच राहिल्याने ते झालेच नाही. सदस्यसंख्या दीड कोटी असल्याचा दावा करणाऱ्या पक्षात एकही मतपत्रिका छापण्याची वेळ आली नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने शिवसेनेचे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे गटाला दिले, तेव्हा पक्षाची २०१८ ची घटना लोकशाहीविरोधी असल्याने तिचा आधार घेता येत नाही, असे म्हटले आणि विधिमंडळ पक्षातील बहुमत मोजले. त्यानंतर सहाच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने अण्णाद्रमुकच्या ११ जुलैच्या परिषदेबाबत पलनीस्वामी यांच्या बाजूने असलेला उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. दोन्हीकडे प्रश्न एकच होता : पक्ष कोणाचा? एकीकडे आमदार-खासदार मोजले गेले, दुसरीकडे परिषदेचे सदस्य. सामान्य सदस्य कुठेच मोजला गेला नाही. काँग्रेसने ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक घेतली. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मते पडली. तेथेही मतदार प्रदेश प्रतिनिधीच होते, तरी आकडे जाहीर झाले आणि हरलेले थरूर पक्षातच राहिले.

पाठीराख्यांना न विचारण्याची किंमत काय असते, याचा दाखला कावेरीच्या या खोऱ्याजवळ आहे. कुंभकोणमनजीकच्या कपिस्थलम भागातील जी. के. मूपनार यांनी १९९६ मध्ये, दिल्लीने राज्यातील कार्यकर्त्यांचा विरोध डावलून जयललितांशी युती केली म्हणून, काँग्रेस सोडली आणि तमिळ मानिल काँग्रेस स्थापन केली. काही आठवड्यांतच त्या नव्या पक्षाने द्रमुकच्या साथीने विधानसभेच्या ३९ आणि लोकसभेच्या २० जागा जिंकल्या. पन्नीरसेल्वम यांच्याकडे मूपनार यांच्याएवढे बळ असल्याचे २०२३ मध्ये तरी दिसत नव्हते. मात्र पलनीस्वामी यांचा पाया पश्चिमेकडील कोंगू पट्ट्यात होता, तर पन्नीरसेल्वम, वैतिलिंगम, शशिकला आणि त्यांचे भाचे टी. टी. व्ही. दिनकरन यांचे वजन दक्षिणेत आणि या खोऱ्यात. ही तूट २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी भरून निघाली नाही, तर दीड-दोन हजार मतांनी फिरणाऱ्या जागांवर तिचा परिणाम होईल, अशी शक्यता तेव्हा दिसत होती.

पन्नीरसेल्वम गटाने मंगळवारच्या निकालाविरुद्ध खंडपीठाकडे अपील दाखल केले. तेव्हा मूळ दावाही प्रलंबित होता. विधानसभेत विरोधी पक्षाच्या उपनेत्याचे पद बदलावे, ही पलनीस्वामी यांची विनंती सभापतींनी मार्च २०२३ पर्यंत मान्य केलेली नव्हती. त्यामुळे त्या वेळच्या अधिवेशनातही या दोघांची आसने एकमेकांशेजारीच होती.