थापेचा ‘मेक अप’

‘अरे, स्वारगेटलाच आहे, दहा मिनिटांत पोचतो!’ पुण्यातल्या बहुतेक ऑफिसांनी हे वाक्य ऐकलंय. बोलणारा त्या वेळी कात्रजला घरी दात घासत असू शकतो. याला आपण थाप म्हणतो, बंडल म्हणतो. इंग्रजीत म्हणतात, ‘ही मेड इट अप.’

मेकअप म्हटलं की आपल्याला लिपस्टिक आठवते. पण ‘मेक अप’ क्रियापद म्हणून आलं, की त्याचा एक अर्थ होतो मनाने रचणं. ‘ही मेड अप ॲन एक्स्क्यूज’ चालतं, ‘ही मेड ॲन एक्स्क्यूज अप’ही चालतं. ‘इट’ मात्र मधेच बसवायचं. ‘ही मेड अप इट’ म्हणालात, तर चुकलात!

आता गंमत बघा. आजीने नातवाला झोपवताना रचून सांगितलेली गोष्टही ‘मेड अप’च, त्यात खोटेपणा नाही. ‘कुक अप’मध्ये मात्र काहीतरी शिजलेलं असतं. टीममेटबद्दलच्या मेलमध्ये ‘कुक्ड अप’ लिहिलंत, तर तो सरळ आरोप झाला. सेंड करण्याआधी विचार करा, बॉस! आणि हसू नका, आपली लोणकढी थापही स्वयंपाकघरातूनच आलीय. लोणी कढवलं की तूप, तशी ही ताजी, खमंग थाप.

पण तिचं बिल कोण भरतं? जेधे चौकात खरोखर अडकलेली एखादी मुलगी फोन करते, तेव्हा सगळे हसतात, ‘हो हो, स्वारगेट ना!’ थाप एकाची, भुर्दंड दुसरीला. मला हे जास्त खटकतं. त्यातून २९ सप्टेंबर २०२४ला भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आणि शिवाजीनगरकडे जाणाऱ्यांची ही सबब आणखी पातळ झाली. वर मोबाइलवर लाइव्ह लोकेशन आहेच.

‘मेक अप’ची दोन भावंडंही ओळखीची असू द्या. ‘मेक अप फॉर’ म्हणजे भरून काढणं आणि ‘मेक अप विथ’ म्हणजे कट्टीनंतरची बट्टी. तेव्हा उशीर झालाच तर सरळ सांगा, ‘अजून कात्रजलाच आहे, पाऊण तास लागेल.’ संध्याकाळी तेवढा वेळ जास्त बसा. झालं ‘मेड अप फॉर इट’! आणि पुढच्या वेळी तुम्ही खरंच स्वारगेटला अडकलात, तर फोनवर कुणी हसणार नाही.