कँटरबरीचे पीठ आणि कंपालाचा कायदा

ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनच्या बिशप सारा मुलाली यांची कँटरबरीच्या आर्चबिशपपदी निवड जाहीर झाली. इसवी सन ५९७ पासून चालत आलेल्या या पीठावर स्त्री येण्याचा हा पहिलाच प्रसंग. या बाई मूळच्या परिचारिका. इंग्लंडच्या शासनात मुख्य परिचर्या अधिकारी या पदापर्यंत त्या पोहोचल्या होत्या. त्याच महिन्यात 'गॅफकॉन' या पुराणमतवादी गटाने कँटरबरीचे नेतृत्व झुगारून दिले आणि खरी जागतिक अँग्लिकन बिरादरी ती आपलीच, अशी घोषणा केली. नायजेरिया, युगांडा, रवांडा येथील चर्च हे या गटाचे बळ. त्यांची तक्रार केवळ स्त्रीच्या निवडीपुरती नाही. समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना म्हणण्यास इंग्लंडच्या चर्चने २०२३ मध्ये वाट मोकळी केली आणि त्या कामी मुलाली पुढे होत्या, हे खरे दुखणे आहे.

धर्मपीठाच्या या घरगुती तंट्याशी समाजवाद्यांना काय कर्तव्य, असे काही साथी विचारतील. आम्हांला कर्तव्य आहे ते त्यात वापरल्या जाणाऱ्या एका युक्तिवादाशी. समलिंगी संबंधांना मान्यता ही पाश्चात्त्यांची नवी वसाहतवादी लादणूक असून आफ्रिका तिचा प्रतिकार करीत आहे, असा तो युक्तिवाद. साम्राज्यशाहीविरोधाची भाषा कानी पडली की आपला कल आपोआप तिकडे झुकतो. म्हणूनच ती कोण आणि कशासाठी वापरतो, हे तपासणे अगत्याचे ठरते.

आफ्रिकेची जखम खोटी नाही. गुलामांच्या जहाजावरून सुटका झालेला सॅम्युएल अजायी क्रॉथर १८६४ मध्ये पहिला आफ्रिकी अँग्लिकन बिशप झाला. बायबल योरुबा भाषेत नेण्याचे मोठे काम त्याने केले. परंतु १८९० मध्ये तरुण गोऱ्या मिशनऱ्यांनी त्याचा कारभार मोडीत काढून त्याला अपमानित केले. पुढच्याच वर्षी तो वारला आणि त्याच्या जागी गोरा बिशप नेमण्यात आला. आजही कँटरबरीचा आर्चबिशप ब्रिटिश राजा नेमतो, तो पंतप्रधानांमार्फत आलेल्या शिफारशीवरून. शिफारस करणाऱ्या १७ जणांच्या मंडळात उर्वरित जगाला २०२२ पर्यंत एकच जागा होती. आता पाच आहेत. ही व्यवस्था मोडावी अशी मागणी कोणी केली, तर आमचा तिला पाठिंबाच राहील.

पण येथून पुढे युक्तिवाद लंगडा पडतो. युगांडात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारे कलम मुळात आले ते इंग्रजी अमलात. आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेत ३७७ वे कलम ज्यांनी घातले, त्याच राज्यकर्त्यांनी आफ्रिकेतील वसाहतींतही असे कायदे रुजविले. खुद्द इंग्लंडने १९६७ मध्ये आपला कायदा सैल केला, आणि त्या सुधारणेला तेव्हाचे आर्चबिशप मायकेल रॅम्झी यांचा पाठिंबा होता. मालकाने टाकून दिलेला चाबूक जपून ठेवायचा आणि त्यालाच स्वदेशी परंपरा म्हणायचे, असा हा प्रकार आहे.

१९९८ च्या लॅम्बेथ परिषदेचा ठराव पुराणमतवादी पदोपदी पुढे करतात. समलिंगी आचरण धर्मग्रंथाशी विसंगत आहे, असे तो ५२६ विरुद्ध ७० मतांनी सांगतो, हे खरे. पण समलिंगी व्यक्तींविषयीच्या अविवेकी भयाचा निषेध करून त्यांचे अनुभव ऐकून घेण्याची हमी त्याच ठरावाने दिली होती. तो भाग सोयीस्करपणे विस्मरणात गेला. २०२३ मध्ये युगांडाने समलिंगी संबंधांसाठी जन्मठेपेची आणि काही प्रकारांत देहान्ताची शिक्षा ठरविली, तेव्हा तेथील अँग्लिकन आर्चबिशपांनी कायद्याचे स्वागत केले. फाशीऐवजी जन्मठेप असावी, एवढीच त्यांची पुस्ती.

विवाहाचा नियम अढळ आहे, हा दावाही इतिहासाला धरून नाही. अनेक पत्नी असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा देऊ नये, असे लॅम्बेथ परिषदेने १८८८ मध्ये ठरविले. त्यापायी आफ्रिकेत बायका घराबाहेर काढल्या गेल्या. परित्यक्तेची स्थिती काय होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, चर्चने अशा कुटुंबाला दार उघडले. पुन्हा लग्न न करण्याचे वचन घ्यावे, पण आहेत त्या पत्नींना टाकायला लावू नये, असे ठरले. हा बदल आफ्रिकी चर्चच्याच आग्रहाने झाला, आणि त्यापूर्वी माणसांची होरपळ पाहिली गेली होती.

इंग्लंडच्या चर्चला मात्र शाबासकी द्यावीशी वाटत नाही. वर्णभेदाशी झुंजलेल्या डेस्मंड टुटूंची कन्या एम्फो टुटू यांनी स्त्रीशी विवाह केल्यामुळे दक्षिण आफ्रिकेत त्यांना धर्मगुरूचा परवाना सोडावा लागला. २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये धर्मपित्याचा अंत्यविधी करण्यासही तेथील चर्चने त्यांना मनाई केली. अखेर तो विधी चर्चबाहेर मांडवात झाला. आशीर्वाद देऊ पण लग्न लावणार नाही, प्रेम मान्य पण धर्मगुरूने असे लग्न करू नये, ही तडजोड कोणालाच समाधान देत नाही आणि भार मात्र दुबळ्याच्याच खांद्यावर टाकते.

आपल्याकडचे अँग्लिकन १९७० मध्ये इतर प्रोटेस्टंट पंथीयांसह उत्तर भारत चर्चमध्ये विलीन झाले, आणि ते चर्च या बिरादरीचे सदस्य आहे. पण या वादाचा आपल्याशी संबंध तेवढाच नव्हे. समलिंगी विवाहाची मागणी ही शहरी उच्चभ्रूंची कल्पना आहे, असे केंद्र सरकारने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. कंपालात 'पाश्चात्त्य', दिल्लीत 'उच्चभ्रू'. शब्द तेवढा बदलला. न्यायालयाने त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये प्रश्न संसदेकडे सोपविला. ३७७ वे कलम २०१८ पर्यंत जिवंत होते, आणि ज्या दशकांत आपण स्त्रीमुक्तीवर, जातिनिर्मूलनावर शिबिरामागून शिबिरे घेतली, त्या दशकांत या कलमाचा विषय निघाला की ज्येष्ठ मंडळी घड्याळाकडे पाहू लागत. त्या ज्येष्ठांत आम्हीही होतो.