चित्रांना पोहता येत नाही!

बालदोस्तांनो, शाळेतली पाटी कशी असते? एकाने लिहायचं, पुसायचं, मग दुसऱ्याने लिहायचं. पण जिच्यावर वीस हजारांहून अधिक वर्षं माणसं काही ना काही कोरत आली, अशी एक पाटी आहे. युरोपातल्या पोर्तुगाल देशात, कोआ नदीच्या खोऱ्यात!

कोआ ही काही फार मोठी नदी नव्हे. दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत ती डोरो नदीला मिळते. आजूबाजूला द्राक्षमळे, बदामाची आणि ऑलिव्हची झाडं, लहान लहान गावं. नदीकाठी मात्र भिंतीसारखे सपाट, उभे खडक आहेत. हिमयुगातल्या शिकारी माणसांनी अणकुचीदार दगडाने टोचे मारून आणि रेषा कोरून त्यांवर चित्रं काढली. घोडे, हरणं, रानबकरे आणि भलेमोठे रानबैल. गंमत म्हणजे काही प्राण्यांना दोन किंवा तीन डोकी आहेत! तो राक्षस नाही बरं का. मान वळवणारा प्राणी दाखवायची ती युक्ती असावी, असं अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या कार्टूनचे पणजोबाच म्हणा ना!

पुढे लोहयुगातल्या माणसांनी याच खोऱ्यात भालेवाले घोडेस्वार कोरले. मग रोमन लोक आले. जवळच्या प्राझो या ठिकाणी त्यांच्या मोठ्या शेतवाड्याचे अवशेष सापडले. त्यांच्याखाली अश्मयुगीन माणसांच्या खुणा आणि वरच्या थरात जुनं चर्च व थडगी! एकाच जागी किती पिढ्या नांदल्या पाहा. अगदी विसाव्या शतकात नदीकाठच्या गिरणीवाल्यांनीही खडकांवर आपली चित्रं कोरली.

आता गोष्टीतला कठीण भाग. कोआवर वीजनिर्मितीसाठी मोठं धरण बांधायचं ठरलं. काम सुरू झालं आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये या चित्रांची बातमी जगाला कळली. धरण झालं की चित्रं पाण्याखाली जाणार होती. डोरोवरच्या आधीच्या एका धरणामुळे काही तर बुडालीही होती. देशभर वाद पेटला. धरणवाले म्हणत, वीज हवी, पाणी हवं. गावातल्या अनेकांना कामधंद्याची आशा होती, आणि ती काही चुकीची नव्हती. दुसऱ्या बाजूला शास्त्रज्ञ होते. त्यांच्या जोडीला कोण उभं राहिलं, ठाऊक आहे? शाळेतली मुलं! ‘चित्रांना पोहता येत नाही’ ही त्यांची घोषणा गाजली.

वयाचाही तंटा होता. खडकावरच्या रेघेचं वय सांगायचं कसं? १९९५ साली काही तज्ज्ञांनी खडकाचा पृष्ठभाग तपासून सांगितलं, की चित्रं एवढी जुनी नाहीतच. मग धरण अडवायचं कशाला? पण त्याच वर्षी निवडणूक होऊन नवं सरकार आलं आणि त्याने काम थांबवलं. १९९६ मध्ये तिथे पुरातत्त्व उद्यान झालं, १९९८ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं.

वयाचं कोडं सुटलं ते त्यानंतर. १९९९ साली फारिझेऊ इथे खणताना मातीत गाडलेला चित्रांचा खडक मिळाला. त्याला झाकणाऱ्या थरांत हिमयुगीन माणसांची दगडी हत्यारं होती. ज्यावर माती साचली ते चित्र मातीच्या आधीचंच असणार, नाही का? साधा हिशेब, पण भक्कम पुरावा!

धरण थांबलं म्हणून शोध चालू राहिला. आज हजाराहून अधिक चित्रखडक माहीत आहेत. २०२० मध्ये त्याच फारिझेऊला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा रानबैल उजेडात आला. तुमच्या वर्गाच्या फळ्यावर तो कदाचित मावायचाही नाही!

पण दोस्तांनो, विजेची गरज काही संपली नव्हती. पुढे शेजारच्या साबोर नदीवर धरण झालं आणि तिथलं खोरं पाण्याखाली गेलं. म्हणजे एका नदीला वाचवलं, त्याची किंमत दुसरीने मोजली. म्हणूनच असे निर्णय ‘हे चांगलं, ते वाईट’ इतके सोपे नसतात.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. वीज दुसरीकडे तयार करता येते, त्याच खडकावर वीस हजार वर्षांपूर्वीचा हात पुन्हा फिरवता येत नाही. तुम्ही त्या सरकारात असता, तर काय ठरवलं असतं? आज रात्री जेवताना आई-बाबांना हाच प्रश्न विचारा. आणि हो, नुसतं उत्तर ऐकू नका, कारणही विचारा!