लिंकनच्या चित्रपटात फ्रेडरिक डग्लस का नाही?

स्टीव्हन स्पिलबर्गचा २०१२ सालचा 'लिंकन' हा चित्रपट आम्ही नुकताच पुन्हा पाहिला. डॅनियल डे-लुईसने लिंकन जिवंत उभा केला. त्याला ऑस्कर मिळाले ते योग्यच. परंतु अडीच तासांच्या या चित्रपटात फ्रेडरिक डग्लस कोठेच नाही! स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला, वृत्तपत्र चालविणारा, ऑगस्ट १८६३ मध्ये व्हाईट हाऊसमध्ये जाऊन काळ्या सैनिकांच्या वेतनाचा प्रश्न थेट राष्ट्राध्यक्षापुढे मांडणारा हा नेता. गोऱ्या सैनिकाला महिन्याला १३ डॉलर आणि काळ्याला १०, त्यातूनही ३ डॉलर कपड्यांसाठी कापून, असा तो न्याय होता. प्रारंभी एक काळा सैनिक हा विषय लिंकनपुढे काढतो, एवढे श्रेय दिग्दर्शकाला दिले पाहिजे. पुढे मात्र सारा खेळ गोऱ्या पुढाऱ्यांच्या मतांच्या जुळवाजुळवीचा. काळी माणसे सभागृहाच्या गॅलरीत बसून स्वतःची मुक्ती पाहतात.

राष्ट्राध्यक्षाची पत्नी मेरी लिंकन हिच्यासोबत एक काळी स्त्री दिसते. ती एलिझाबेथ केकली. शिवणकामाच्या बळावर १२०० डॉलर उभे करून तिने १८५५ मध्ये स्वतःला आणि मुलाला विकत घेऊन मुक्त केले. तोच मुलगा १८६१ मध्ये लढाईत पडला. पळून आलेल्या गुलामांसाठी तिने १८६२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये मदतसंस्था काढली, मेरीकडूनही मदत मिळविली. ही संघटक केकली पडद्यावर का येत नाही? १८६८ मध्ये तिने आत्मकथन लिहिले तेव्हा गोऱ्या समाजाने गहजब केला. शिवणाऱ्या बाईने लिहायचे म्हणजे काय!

आम्ही वकील, म्हणून मूळ दस्तऐवज वाचतो. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा फक्त बंडखोर प्रदेशांपुरता होता. केंटकी, मेरीलँड या संघराज्यात राहिलेल्या राज्यांतील गुलामांना तो लागू नव्हता. युद्धाची गरज म्हणून तो निघाला. मात्र त्याने सैन्याचे दार उघडले आणि सुमारे १,८०,००० काळे सैनिक लढले. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीतही गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवला गेला. दक्षिणेत कैदी भाड्याने देण्याचा धंदा त्याच फटीतून वाढला.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील सदाचारी लोकांना, एकट्या राष्ट्राध्यक्षाला नव्हे. हा फरक आपल्या वाचकांना सांगायला नको.

वॉशिंग्टनमध्ये १८७६ मध्ये लिंकनचा पुतळा उभा राहिला. पैसा मुक्त गुलामांचा. पहिले ५ डॉलर शार्लट स्कॉट या स्त्रीने दिले. रचना मात्र गोऱ्यांनी ठरविली: लिंकन उभा आणि काळा माणूस त्याच्या पायाशी गुडघ्यावर. अनावरणाचे भाषण डग्लसनेच केले आणि लिंकन मुळात गोऱ्यांचा राष्ट्राध्यक्ष होता, हे राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या समक्ष सांगितले. बोस्टनमधील त्याची प्रतिकृती डिसेंबर २०२० मध्ये हटविण्यात आली.

त्याच बागेत १९७४ मध्ये मेरी मॅक्लाऊड बेथून यांचा पुतळा बसविला गेला. गुलाम आईबापांची ही मुलगी, शिक्षणसंस्था काढणारी, फ्रँकलिन रूझवेल्टच्या प्रशासनात काम केलेली आणि एलिनॉर रूझवेल्टची मैत्रीण. बेथून उभ्या आहेत. त्यांच्याकडे तोंड यावे म्हणून लिंकनचा पुतळा तेव्हा फिरवून बसविण्यात आला.