घरातली बंदूक परस्पर देऊ नका

सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि पलीकडे गोव्यात ज्या ज्या घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बंदूक आहे, त्या घरातल्या सर्वांना ही कळकळीची विनंती आहे. भात पसवू लागलं आहे, रानडुकरांचा उपद्रव वाढला आहे आणि गणपतीला गावी आलेले चाकरमानी अजून घरात आहेत. अशा वेळी ओटीवर जमिनीच्या आणि कलमांच्या वाटणीबरोबर आणखी एक विषय हमखास निघतो. आजोबांच्या बंदुकीचं काय करायचं? मुंबईला नेण्यात अर्थ नाही, गावात चालवणारं कुणी उरलं नाही. खालच्या वाडीतला एक जण घ्यायला तयार आहे. लहानपणापासूनचा ओळखीचा, पैसेही रोख देतो. संध्याकाळपर्यंत व्यवहार उरकतो आणि बंदूक गोणपाटात गुंडाळून त्याच्या घरी जाते.

हे करू नका. त्या एका संध्याकाळी दोन गुन्हे घडतात. परवान्याशिवाय बंदूक घेणारा एक गुन्हा करतो आणि समोरच्याला ती बाळगायचा हक्क आहे की नाही याची खात्री न करता देणारा दुसरा. आपण फक्त विकली, पुढचं तो बघून घेईल, असं म्हणून विकणाऱ्याला सुटता येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र अधिनियमात दुरुस्ती झाली, तेव्हापासून विनापरवाना बंदूक बाळगणाऱ्याला दोन ते पाच वर्षं कैद आणि दंड आहे. खास कारणं नोंदवल्याशिवाय न्यायालयालाही दोन वर्षांच्या खाली येता येत नाही. शस्त्र कायदा म्हटला की आपल्याला संजय दत्तचा खटला आणि एके-५६ आठवते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली ती ज्या १९५९ च्या कायद्याखाली, त्याच कायद्यात तुमच्या माळ्यावरची सिंगल बॅरलही बसते. कलमं वेगळी, शिक्षा कमी-जास्त, पण शेतकऱ्याच्या बंदुकीसाठी निराळा कायदा नाही.

गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. काहींना वाटतं, खाजगी माणसाला बंदूक विकताच येत नाही. म्हणून ते चोरून विकतात, हे तर त्याहून वाईट. कायद्याने वाट ठेवलेली आहे. स्वतःच्या वापरासाठी परवान्यावर घेतलेली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकता येते. पण त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं की मी ही बंदूक अमुक नावाच्या, अमुक पत्त्यावरच्या माणसाला देणार आहे. कळवल्यापासून पुरे पंचेचाळीस दिवस बंदूक जागची हलवायची नाही. व्यवहार ठरल्या दिवशी बंदूक हाती मागणाऱ्याला ही मुदत सांगा. ज्याच्याकडे खरा परवाना आहे तो थांबेल. जो थांबायला तयार नाही, त्याला मुळीच देऊ नका, मग तो मामेभाऊ का असेना.

ओळख म्हणजे काय, यावर जरा थांबायला हवं, कारण सगळी गल्लत इथेच होते. घेणारा आधार कार्ड पुढे करतो. आधार कार्डावरून तो कोण हे कळतं, बंदूक बाळगायचा हक्क त्याला आहे की नाही हे कळत नाही. पोलीस पाटलाने दिलेला दाखला, सरपंचाचं पत्र, ग्रामपंचायतीचा शिक्का यांनीही तो हक्क मिळत नाही. नोटरीसमोर केलेला करारनामा तर फार धोक्याचा, कारण तो हातात आला की विकणाऱ्याला वाटतं आपण सुटलो. प्रत्यक्षात विनापरवाना माणसाला बंदूक दिल्याचा पुरावा त्याने स्वतःच सही करून तयार केलेला असतो. दुचाकी विकताना टीटी फॉर्मवर सही करून किल्ली देतो, तसा प्रकार इथे नाही.

पाहायचा तो मूळ परवाना. झेरॉक्स चालणार नाही आणि मोबाईलवरचा फोटो तर नकोच. फोटो त्याच माणसाचा आहे ना, मुदत संपलेली नाही ना, परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे, कोणत्या प्रकारच्या शस्त्राला मंजुरी आहे, हे सगळं वाचा. बारा बोअरच्या बंदुकीची मंजुरी असलेल्याला रिव्हॉल्व्हर देता येत नाही. परवान्यावर युआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदीतला क्रमांक, असायलाच हवा. तो नसलेला जुना पुस्तकी परवाना आता ग्राह्य नाही. आधीच दोन शस्त्रं नोंदलेली असतील तर तिसरं त्याला घेता येत नाही. पूर्वी ही मर्यादा तीन होती, २०१९ पासून दोन आहे. घेणाऱ्याचं वय एकवीस पूर्ण हवं. परराज्यातला परवाना दाखवला तर दुप्पट सावध राहा. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात अपात्र लोकांना परवाने वाटल्याच्या प्रकरणाचा तपास सीबीआयला करावा लागला होता, आणि तिथला आकडा दोन लाखांच्या वर होता. परवाना पाहून समाधान झालं तरी जिथून तो दिला गेला त्या कार्यालयाकडून खात्री करून घ्या. पंचेचाळीस दिवस आहेतच हाताशी.

बंदुकीचीही ओळख असते. बनवणाऱ्याचं नाव आणि क्रमांक तिच्यावर ठोकलेला असतो, तो परवान्यावरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. कोकणातल्या जुन्या ठासणीच्या बंदुकांवर पुष्कळदा काहीच नसतं, किंवा गंजून आणि घासून क्रमांक पुसट झालेला असतो. क्रमांक नसलेली बंदूक विकायला कायद्याने मनाई आहे. कुणी शहाणा सुचवेल की लोहाराकडे जाऊन पुन्हा ठोकून घेऊ. ते कदापि करू नका, क्रमांक खोडणं, बदलणं, खोटा ठोकणं हा आणखी एक गुन्हा. अशी बंदूक जशी आहे तशी ठाण्यात दाखवा.

‘ती चालतच नाही हो, नुसती भिंतीवर आहे’ हे उत्तरही नेहमीचं. जुनाट किंवा मोडक्या शस्त्रांना कायदा सूट देतो हे खरं, पण ती दुरुस्त करूनही चालू शकणार नसेल तरच. नवा घोडा आणि नवी स्प्रिंग बसवून बार उडणार असेल तर ती बंदूकच आहे. आणि हे ठरवायचं काम आपलं नव्हे.

उसनवारीचं तर विचारू नका. ‘दोन रात्री राखणीला दे’ म्हणून बंदूक मागणारा शेजारी गावोगाव आहे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याला बंदूक नेता येते, पण ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा खुद्द परवानाधारकाच्याच वापरासाठी. शेजाऱ्याच्या शेतावर शेजाऱ्याने बार काढण्यासाठी नाही. त्याचं शेत डुकरांनी खरोखर उद्ध्वस्त केलं असेल, त्याची तक्रार रास्त असेल. त्याने वन खात्याकडे नुकसानभरपाई मागावी, स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करावा. तुमची बंदूक हा त्यावरचा उपाय नाही.

आता ज्यांच्या घरी परवानाधारकच हयात नाही, त्यांच्यासाठी. माणूस गेला की त्याचा परवाना वारसाकडे आपोआप येत नाही. बाराव्या-तेराव्याच्या धावपळीत बंदुकीकडे कुणाचं लक्ष नसतं, पुढे वर्षं जातात, आणि मग ती माळ्यावरची वस्तू एखाद्या दिवशी छाप्यात किंवा चोरीत सापडते. कायदा सांगतो की ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाकारण उशीर न करता शस्त्र आणि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. जमा केल्याने हक्क लगेच जात नाही. वारसाला परवाना मिळाला तर बंदूक परत मिळते, नको असेल तर मुदतीत विकायची परवानगी मागता येते. मुदत उलटू दिली तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. निवडणुकीच्या वेळी ठाण्यात बंदूक जमा करून पावती घ्यायची सवय इथल्या प्रत्येक परवानाधारकाला आहे. तोच रस्ता, तीच खिडकी. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. लपवाछपवी नसलेल्या वारसाने स्वतःहून चालत ठाण्यात जाणं आणि पोलिसांनी त्याच्या माळ्यावरून बंदूक खाली काढणं, यातला फरक कुणालाही समजेल.

आणि आजोबा हयात असतील तर फारच चांगलं. परवानाधारकाचं वय सत्तर झालं असेल किंवा त्याच्याकडे शस्त्र पंचवीस वर्षं असेल, तर त्याला जिवंतपणीच आपल्या वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. २०१६ च्या नियमांत ही सोय आहे. भाऊबंदांनी एकत्र बसून एक नाव ठरवा आणि सगळ्यांची संमतीपत्रं घ्या, नाहीतर पुढे तिघे हक्क सांगतील आणि जबाबदारी कुणीच घेणार नाही. कुणालाच नको असेल तर तसं स्पष्ट लिहून द्या.

चाकरमान्यांनी परतीच्या गाडीत बसण्याआधी एवढं करावं. माळा, पेटारा, कोठीच्या खोलीतला कोपरा पाहावा. बंदुकीबरोबर जुनी काडतुसं, छर्‍यांच्या पिशव्या, दारूची डबडी काय काय आहे त्याची यादी करावी. बंदुकीत काडतूस भरलेलं असेल तर स्वतः खटपट करू नये, नळीचं तोंड कुणाकडे न करता ठाण्याला फोन करावा. परवाना सापडत असेल तर त्याची प्रत, नसेल तर परवानाधारकाचं नाव, गाव आणि आठवत असेल ते वर्ष लिहून पत्र तयार करावं. पत्र दोन प्रतींत न्यावं, एक ठाण्यात द्यावी, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती घरच्या सातबाऱ्याच्या फायलीत लावावी. बंदूक जमा केल्यास पावतीवर तिचा क्रमांक, प्रकार आणि काडतुसांची संख्या बरोबर लिहिली आहे ना, हे खिडकीवरून हलण्याआधी वाचून घ्यावं.