कॅमेऱ्याचे तोंड कोणाकडे?

छत्रपती संभाजीनगरात, भावसिंगपुऱ्याच्या पुढे, वीस बाय तीसच्या प्लॉटवर आमचे घर उभे राहिले. कर्जाचे हप्ते पुढची वीस वर्षे चालणार आहेत, बाहेरचा रंग बाकी आहे. पण बुद्धवंदना झाली आणि आम्ही राहायला आलो. आठवड्याभरात कॅमेरे बसवणारा पोरगा आला. शिडीवर चढून म्हणाला, "सर, गच्चीच्या कोपऱ्यावर लावू. अख्खी गल्ली येते. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या दारात कोण उभं राहिलं, सगळं मोबाइलवर." आम्ही नको म्हणालो. तो बुचकळ्यात पडला. खरा वाद रात्री घरात झाला. तरुण मंडळींचे म्हणणे, गल्ली दिसली तर बिघडले कुठे? संरक्षण आपलेच ना? आज आपल्या वस्त्यांत नवी घरे होत आहेत आणि घराघरावर कॅमेरे लागत आहेत. म्हणून हा वाद चार भिंतींत न ठेवता इथे मांडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. कॅमेरा हवाच. 7 जुलै 2020 रोजी दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृहाच्या आवारात शिरून कुंड्या फोडल्या गेल्या, नासधूस झाली. बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी बांधलेले ते घर. ते सुरक्षित नसेल तर आपल्या पत्र्याच्या फाटकाची काय कथा? पण त्या घटनेतला एक तपशील आपण विसरतो. त्या दिवशी तिथल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याचीही मोडतोड झाली होती. म्हणजे कॅमेरा दगड अडवत नाही, उलट पहिला दगड त्यालाच बसू शकतो. कॅमेरा हा पहारेकरी नसून साक्षीदार आहे. आणि साक्षीदार कुठे उभा करायचा, त्याची साक्ष कशी टिकवायची, हे आपल्याला कळले पाहिजे.

गच्चीवरून अख्खी गल्ली दिसते, पण चेहरा एकही ओळखू येत नाही. दिसतात त्या टोप्या आणि टकला. ओळख पटवायची असेल तर कॅमेरा फाटकाजवळ, आठ-नऊ फुटांवर हवा. 2.8 मिलिमीटरची लेन्स रुंद दाखवते पण माणूस लहान दिसतो. 6 मिलिमीटरची कमी जागा दाखवते, पण चेहरा जवळ आणते. कॅमेरा पश्चिमेकडे तोंड करून लावला, तर मावळतीचा सूर्य त्याला आंधळा करतो. अगदी जवळ पांढरा खांब किंवा छज्जा असेल, तर रात्री कॅमेऱ्याचाच अदृश्य प्रकाश त्यावर आदळून चित्र पांढरे पडते. वायरचे जोड उघडे राहिले, तर पहिल्याच पावसात काम संपते. ते डब्यात बंद करून घ्या. दोन कॅमेरे असतील तर एकाने दुसऱ्याला पाहावे. एक फोडला तर फोडणारा दुसऱ्यात येतो. डीव्हीआर टीव्हीखाली मिरवू नका, आतल्या कपाटात ठेवा आणि लाइट गेली तर चालेल असा छोटा यूपीएस जोडा. कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला, बसवणाऱ्यालाही तो ठाऊक राहू देऊ नका.

आता गल्लीकडे येऊ. या शहरात नळाला आठ-आठ, कधी दहा-दहा दिवसांनी पाणी येते. ते रात्री दोनला आले तर आयाबहिणी रात्री दोनला उठतात, गाऊनवर टॉवेल टाकून हंडे भरतात, भांडतात, हसतात. उन्हाळ्यात दारासमोर खाट टाकून माणसे झोपतात. छोट्या घरांच्या वस्तीत गल्ली हे घराचेच अंगण असते. आमच्या गच्चीवरचा कॅमेरा हे सगळे रोज टिपणार, आणि ते आमच्या घरातल्या चार मोबाइलवर उघडणार. हा अधिकार आम्हाला कोणी दिला? 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत अधिकार मानला. तो फक्त बंगलेवाल्यांचा नाही. हंडा घेऊन उभ्या असलेल्या मावशीचाही आहे.

आणि कोणावर नजर ठेवायची, हा प्रश्न आपल्यासाठी नवा नाही. आपल्या आया ज्या कॉलन्यांत धुणीभांडी करायला गेल्या, तिथे फाटकावर त्यांच्या पिशव्या तपासल्या गेल्या. कुठली वस्तू हरवली की पहिला संशय त्यांच्यावर. एका अख्ख्या समूहाला जन्मापासून संशयित ठरवायचे आणि त्याच्या चालण्याबोलण्यावर पाळत ठेवायची, हीच तर जातीची नजर. आता चार पैसे आले, स्लॅब पडला, म्हणून तीच नजर विकत घेऊन आपण भंगार वेचणाऱ्या बाईवर, शेजारच्या भाडेकरूवर रोखणार असू, तर घर नवे झाले पण डोळे जुनेच राहिले.

यावर तरुणांचा प्रतिप्रश्न रास्त आहे. दगड गल्लीतूनच येतो, मग? त्याचे उत्तर कोनात आहे. आपले फाटक आणि त्यासमोरचा रस्त्याचा पट्टा एकाच चित्रात यावा, एवढे पुरे. अॅट्रॉसिटीच्या खटल्यात घटना लोकांच्या नजरेस पडणाऱ्या ठिकाणी घडली का, हा मुद्दा कळीचा ठरतो. घराबाहेरचे अंगण रस्त्यावरून दिसत असेल तर ते असे ठिकाण आहे, हे स्वर्णसिंग प्रकरणात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. कोण उभे होते, कोणी पाहिले, हे त्या पट्ट्यात येते. आणि सगळ्या गल्लीवरच कॅमेरा हवा असेल तर तो गल्लीने ठरवावा. विहारात बैठक घ्या, आधी बायांना बोलू द्या. डीव्हीआर कोणाच्या ताब्यात, चित्रण किती दिवस ठेवायचे, कोणाच्या परवानगीने पाहायचे, हे लिहून काढा.

साक्ष टिकवण्याचा धडा आपल्या शेजारच्या जालन्याने देशाला दिला. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा होता. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण. पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी त्याचे प्रमाणपत्र दिले नाही. या प्रकरणात 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की मूळ यंत्र न्यायालयात हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नकलेसोबत प्रमाणपत्र लागतेच. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली द्यावे लागते. त्याचा एक भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. म्हणून डीव्हीआरचे घड्याळ बरोबर ठेवा. चार कॅमेरे अखंड चालले तर एक टेराबाइटची डिस्क साधारण दहा-बारा दिवसांत भरते आणि जुने पुसले जाते. घटना घडली की त्याच दिवशी नक्कल काढा. पोलीस डीव्हीआर घेऊन गेले तर जप्ती पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय तो हातातून सोडू नका.

आणि शेवटी, ज्या कॅमेऱ्यांबद्दल आपण बोलायला हवे ते आपल्या दारावर नाहीतच. 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीरसिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपसह, आवाज टिपणारे कॅमेरे लावायला सांगितले. चित्रण 18 महिने, निदान एक वर्ष तरी टिकले पाहिजे. तरीही सप्टेंबर 2025 मध्ये ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची दखल याच न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. मधल्या काळात, डिसेंबर 2024 मध्ये, परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि आंदोलनानंतर पकडलेल्या सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळवायला जुलै 2025 मध्ये औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावे लागले. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही तो आदेश टिकला. गल्लीत कॅमेरे हवेत म्हणणारे कोठडीतल्या कॅमेऱ्याबद्दल गप्प का असतात?

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. कॅमेरे किती, चालू किती, चित्रण किती महिन्यांचे आहे? उत्तर आले की ते विहारात वाचून दाखवा.

आमच्या घरावर दोन कॅमेरे लागले. एक फाटकावर, दुसरा त्याला पाहणारा. समोरच्या मावशींनी विचारले, "ओ सर, त्याच्यात आमचं दार दिसतंय का?" आम्ही मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिले. त्यांच्या उंबऱ्याचा एक कोपरा येत होता. त्या पोराला परत बोलावून कॅमेरा बोटभर खाली वळवला.

जय भीम!